बिनदुधाचा डबा: बेळगावातलं माझं पहिलं वर्ष

जून २०२३ मध्ये लेक बेंगळुरूहून सुट्टीला आली. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, "आई, तुझ्या स्वयंपाकात माझ्यासाठी नुसता भात आणि चटणी उरते ग." दीड वर्षापासून तिनं दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं होतं. मला वाटायचं, आपण शाकाहारी, म्हणजे तिची अडचण ती काय? त्या दिवशी ताटाकडे नीट पाहिलं. वरणावर तूप, भाकरीला लोणी, कोशिंबिरीत दही, कढी ताकाची, मसालेभातातही दोन चमचे दही. बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या घरात दूध कुठं नाही हे शोधायला लागलं असतं.

त्याच महिन्यात शेजारच्या खोल्यांमधल्या दोन विद्यार्थिनींनी डबा मिळेल का म्हणून विचारलं. त्यातल्या एकीला दुधाची ॲलर्जी होती. मेसमध्ये जेवून तिच्या अंगावर दोनदा गांधी उठल्या होत्या. एक लेक घरात आणि एक शेजारी, दोघींना एकच जेवण चालणार होतं. तिथून डबा सुरू करायचं डोक्यात आलं. वर्ष पूर्ण झाल्यावर हे लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला कुणी सांगणारं नव्हतं आणि कागदांच्या भीतीनं मी जवळजवळ माघार घेतली होती.

३ जुलैला एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये गेले. त्यानं अन्न नोंदणीचे दीड हजार सांगितले, वर "मॅडम, वेळ लागतो" म्हणाला. घरी येऊन दिरांच्या मुलाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काकू, आपणच भरू की." ५ जुलैला रात्री आम्ही एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, फॉस्कॉस संकेतस्थळावर बसलो. तेव्हा, २०२३ मध्ये, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरायची. तिची फी वर्षाला १०० रुपये होती. फोटो, आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा एवढंच जोडायचं होतं. गोंधळ एकाच ठिकाणी झाला, व्यवसायाचा प्रकार निवडताना. यादी भली मोठी आहे. आम्ही आधी हॉटेल धरलं होतं, मग खानपान सेवेच्या गटात घरगुती खानावळ आणि डबेवाल्यांचा पर्याय सापडला. तो सावकाश शोधा, चुकला तर अर्ज परत येतो.

आमचा परत आलाच, पण वेगळ्या कारणानं. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर होतं आणि अर्ज माझ्या. ११ जुलैला शेरा आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण काहीतरी खोटं केलंय की काय, असं वाटत राहिलं. प्रत्यक्षात सासऱ्यांच्या सहीचं एक पानभर संमतिपत्र लागलं, बस. ते १३ जुलैला चढवलं. अर्ज पूर्ण झाला की ७ दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीला यायचं, असा नियम आहे. आमच्याकडे तपासणी निघाली.

२१ जुलैला अधिकारी आले. पावसानं धरलेला आठवडा, अंगणात चिखल, आणि मी सकाळपासून तीनदा ओटा पुसलेला. त्यांनी पहिलाच प्रश्न कानडीत विचारला, "नीर एल्लिंद बरतद री?" पाणी कुठून येतं? माझं कानडी बाजारापुरतं आहे, पण एवढं कळलं. वापराला विहीर आणि पिण्याला नळाचं, असं सांगितलं. ते म्हणाले, स्वयंपाकाला विहीर वापरणार असाल तर पाणी तपासून घ्या. मग खिडकीची जाळी, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, धान्य जमिनीपासून वर आहे का, एवढं पाहिलं. वीस मिनिटांत तपासणी संपली. पाणी तपासायला ६०० रुपये लागले आणि त्या निमित्तानं विहीरही उपसून घेतली. २८ जुलैला चौदा आकडी क्रमांकाचं प्रमाणपत्र आलं. ते छापून स्वयंपाकघरात, दिसेल अशा जागी लावायचं असतं.

गॅसचं आधीच माहीत असलेलं बरं. घरगुती लाल सिलिंडरवर धंदा करता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. अनामत, रेग्युलेटर आणि पहिला भरलेला सिलिंडर मिळून साडेपाच हजार गेले. बारा डबे प्रत्येकी ५५० प्रमाणे ६,६००. नवा तवा, दोन कढया, पोळपाट-लाटणं आणि मिक्सरचं एक भांडं मिळून ३,९००. नोंदणी आणि पाणी धरून सगळे १६,७०० रुपये झाले. तवा आणि कढया नव्या का, असं घरात विचारलं गेलं. वर्षानुवर्षं तूप मुरलेला तवा कितीही घासला तरी ॲलर्जी असलेल्या मुलीच्या बाबतीत मला धोका घ्यायचा नव्हता. तिच्या डब्याची भांडी आजही वेगळ्या फळीवर असतात.

आणखी एक गोष्ट त्याच पुतण्यामुळे कळली. त्याला मी "व्हीगन" लिहिलेले स्टिकर छापायला सांगणार होते. त्यानं २०२२ चे नियम वाचून दाखवले. पाकिटावर व्हीगनचं चिन्ह लावायचं तर आधी मंजुरी घ्यावी लागते. आपला नेहमीचा हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो, दूध त्यात चालतं. व्हीगनमध्ये अंतिम पदार्थच नव्हे, तर बनवण्याच्या कुठल्याही टप्प्यावर प्राण्यांपासून आलेलं काही वापरलेलं चालत नाही. स्टिकर राहू दिले. डब्यासोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी जाते: आज काय आहे, आणि दूध, दही, तूप, लोणी, मध यातलं काही घातलेलं नाही.

पण "कुठल्याही टप्प्यावर" हे शब्द डोक्यात बसले. गूळ आणायला गेले तेव्हा गुऱ्हाळवाल्याला विचारलं, मळी काढायला काय घालता? त्यानं भेंडीची झाडं दाखवली. ती ठेचून भिजवायची, बुळबुळीत पाणी काहिलीत टाकायचं, मळी वर येते, ती काढून टाकायची. आपण इतकी वर्षं गूळ खातो आणि मला हे ठाऊक नव्हतं. बेकरीत मात्र उलटं झालं. वड्याबरोबर पाव द्यायचं ठरवलं होतं. त्या मुलीनं डबा घेण्याआधी विचारलं म्हणून मी बेकरीत चौकशी केली. पिठात दूध पावडर निघाली. त्या दिवशी पाव परत आले आणि पुन्हा डब्यात गेले नाहीत. विचारायची लाज धरू नका.

आता स्वयंपाकाचं. ऑगस्टचा महिनाभर मी घरच्यांवर प्रयोग केले आणि पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मी प्रत्येक पदार्थातून दूध वजा करत होते. दह्याशिवायची कोशिंबीर, तुपाशिवायचं वरण, ताकाशिवायची कढी. सगळं पांगळं लागायचं. शेंगदाण्याचं दही लावून पाहिलं. रात्रभर भिजवलेले दाणे वाटून दूध गाळलं, उकळून कोमट केलं आणि विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे देठ टाकले. दही लागलं, पण पावसाळी हवेत दोन दिवस लागलं तर दोन दिवस नासलं. लोकांच्या जेवणाचा भरवसा त्यावर ठेवता येईना.

वाट सासूबाईंनी दाखवली. त्या खानापूर तालुक्यातल्या, वय त्र्याऐंशी. माझी धडपड आठवडाभर बघून म्हणाल्या, "काय करूलालीस ग हे? आमच्यात दोन म्हशी हुत्या, पण दूध सगळं डेअरीला जायाचं. आम्ही पोरं कुठलं तूप खातोय? भाकरी, पुंडी, दाण्याची चटणी. थंडीत कच्चं तेल." मी वहीच घेऊन बसले. ज्या घरातलं दूध विकायला जायचं त्या घराचा स्वयंपाक दुधाशिवायच पूर्ण होता. तिथं काही वजा केलेलं नव्हतं. पोटाला आधार द्यायचं काम दाणे, तीळ, कारळे, जवस, खोबरं करायचे आणि बाकी सगळं शिवार ठरवायचं.

पहिला डबा ४ सप्टेंबरला, श्रावणी सोमवारी गेला. सात जणांचा. ज्वारीची भाकरी, पुंडीची भाजी, मसुराची आमटी, भात, दाण्याची चटणी. पुंडी म्हणजे अंबाडी. पानं उकडून पहिलं पाणी पिळून टाकायचं, नाहीतर आंबटपणा दातांना लागतो. मग तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर घोटायची आणि वरून लसणाची फोडणी द्यायची, तेलात हात आखडता न घेता. गरम असताना ही भाजी भाकरीवर वाढली की दुसरं काही लागत नाही. जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले होते, म्हणून आंबटपणासाठी चिंच, आमसूल आणि अंबाडी यांच्यावर काम भागवायला मी शिकले होते. टोमॅटो उतरले तरी ती सवय राहिली, आणि आमट्या त्यामुळेच सुधारल्या असं मला वाटतं. ताकाची जागा सोलकढीनं घेतली. ती आपल्याकडे होतीच.

बाजाराचं गणित शनिवारी बसतं. कडोली, अगसगे भागातल्या बायका भाजी घेऊन येतात. त्यांच्यापुढं यादी घेऊन जायचं नाही, हे मला तीन शनिवारांनी कळलं. यादी घेऊन गेलं की महाग आणि शिळं पदरात पडतं. आता मी आधी बाजार फिरते आणि मग आठवडा ठरवते. माझ्या नेहमीच्या मावशी स्वतःच सांगतात, "वैनी, दोडका जून झालाय, आज नवलकोल न्या, पाल्यासकट." नवलकोलाचा कोवळा पाला मूगडाळ घालून परततात हेही त्यांच्याकडूनच कळलं. अकराच्या आधी निवड चांगली मिळते. दुपारनंतर भाव उतरतो, पण पालेभाजी मान टाकते.

दसऱ्याच्या आधी रताळी आली. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या लाल मातीतली. इथली रताळी ट्रक भरभरून दिल्लीपर्यंत जातात, आणि आम्ही मात्र ती उपासापुरतीच खायचो. मी ती डब्यात तिखट करून दिली: जाड फोडी, हिरवी मिरची, चिंच, दाण्याचं कूट, वर ओलं खोबरं. गोडाला म्हणून दिवाळीत रताळं किसून नारळाच्या दुधात आणि गुळात आटवलं. कुंदा म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई; कुंद्याच्या गावात कुंद्याची सर त्याला येत नाही, आणि ती आणायचा प्रयत्नही मी सोडला आहे. रताळ्याची म्हणून जी चव आहे ती पुष्कळ आहे. लेकीनं मात्र तीन वाट्या खाल्ल्या.

याच सुमारास एका जैन काकांनी डबा लावला आणि दुसऱ्याच दिवशी परत केला. त्यांनी बिनदुधाचा म्हणजे सात्त्विक असं धरलं होतं. माझ्या डब्यात कांदा, लसूण, बटाटा, रताळं सगळं होतं. त्यांना दूध चालत होतं, कंद चालत नव्हते. चूक माझीही होती, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून नवीन माणसाला डबा देण्याआधी दोन मिनिटं बोलून घेते: काय चालत नाही आणि कशासाठी. श्रद्धा, ॲलर्जी आणि आवड या तिन्हींची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

थंडी हा आमचा खरा हंगाम. शहापूर-वडगावच्या काळ्या शिवारात भात निघाला की मसूर, वाटाणा, हरभरा येतो. हरभऱ्याची कोवळी पानं खुडून आणलेली, बोटांना आंबट लागणारी, ती धुवायची नाहीत असं सासूबाई म्हणतात. मी विकते म्हणून धुते, आणि थोडी चव जाते ते मान्य करते. १४ जानेवारीला भोगी होती. वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा, बोरं, तिळाचं कूट. भोगीच्या भाजीबरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा ही आमच्या घरची रीत. लोण्याच्या जागी पांढरे तीळ कोरडे भाजून, थोड्या शेंगतेलात वाटून, मीठ घालून गोळा दिला. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे डबे चाटूनपुसून परत आले. धुताना मला रडू आलं.

सगळ्यात जास्त मागणी असते ती भरल्या वांग्याला, ज्याला कानडी शेजारी एण्णेगाई म्हणतात. दहा डब्यांचा माझा अंदाज असा: काटेरी देठाची लहान वांगी दीड किलो, शेंगदाणे पाव किलो, तीळ आणि कारळे प्रत्येकी ५० ग्रॅम, सुकं खोबरं अर्धी वाटी, लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ, कांदा-लसूण मसाला आणि वाटीभर तेल. सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं की तीळ करपतात आणि दाणे कच्चे राहतात. कारळे जरा जास्त झाले तर भाजी कडवट होते. वांगी तेलात आधी झाकून मऊ करायची, मसाला नंतर. पाणी घालायचं ते उकळतंच घालायचं. मी पहिले दोन महिने थंड पाणी ओतत होते आणि तर्री का सुटत नाही म्हणून मसाल्याला दोष देत होते. शेवटी मंद आचेवर कडेनं तेल दिसेपर्यंत ठेवायचं. त्या तेलातच सगळा वास असतो. तूप नसल्याची तक्रार त्या भाजीबद्दल मला कुणीच केलेली नाही. त्या थंडीत लसूण किलोला साडेतीनशे-चारशेवर गेला होता. आमट्यांतला लसूण मी कमी केला, पण चटणीतला केला नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये खानापूरकडून ओले काजूगर येतात. महाग असतात, म्हणून आठवड्यातून एकदाच उसळ, तीही बटाटा घालून वाढवलेली. नारळाच्या रसातल्या त्या उसळीसाठी एका विद्यार्थ्यानं घरी जायची गाडी एक दिवस पुढे ढकलली होती. मग कुयरी, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. कापताना हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. एप्रिल-मे मध्ये पालेभाजी सुकते, तेव्हा शेवगा, कैरी, आणि सांडगे, मडकीची (मटकीची) उसळ, झुणका यांवर काढायचे दिवस. उन्हाळ्यात डब्यातला भात दुपारपर्यंत आंबतो, म्हणून तो वाफ जाऊ देऊनच भरते.

पैशांचं खरं खरं सांगते. पहिल्या महिन्यात सात डबे, ८० रुपये दर, २६ दिवस. १४,५६० आले, ११,९०० खर्च झाले. सव्वीस दिवस पहाटे साडेचारला उठून २,६६० हातात. मी निराश झाले होते. नवरा म्हणाला, भांड्यांचे पैसे आधीच बाजूला काढलेस, आता थांबू नकोस. जानेवारीत दर ९० केला तेव्हा एकानं बंद केला आणि तीन नवीन आले. आज बावीस डबे आहेत. उलाढाल १२ लाखांच्या पुष्कळ आत आहे, त्यामुळे नोंदणीच पुरते. सुरुवातीचा खर्च भरून निघायला फेब्रुवारी उजाडला. नवीन करणाऱ्यांनी पाच-सहा महिने घरखर्चाला यातून काही मिळेल असं धरू नये.

आणखी एक सांगणं आहे, ते आई म्हणून. भाकरी-डाळ-दाण्यांनी पोट आणि ताकद दोन्ही राहतं, पण बी-१२ हे जीवनसत्त्व अशा जेवणातून मिळत नाही. लेकीची तपासणी केली तेव्हा ते कमी निघालं आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. जो कुणी पूर्ण बिनदुधाचा डबा लावतो त्याला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. माझा डबा चांगला आहे, पण तो औषध नाही.

नोंदणीची मुदत २७ जुलै २०२४ ला संपणार होती. मी १० जूनलाच नूतनीकरणाचा अर्ज भरला, एकटीनं, मोबाईलवर, पुतण्याला न विचारता. पुन्हा १०० रुपये. चार दिवसांत झालं. जुना कागद काढून नवा लावताना खिळा निघाला, तो सासूबाईंनी बत्त्यानं ठोकून बसवला.

आज बाजारात पुंडीच्या पहिल्या जुड्या दिसल्या, दहाला दोन. दहा जुड्या आणल्यात. पानं खुडायला सासूबाई ओट्याशी येऊन बसल्या आहेत.